गोगलगायीतले पर्णकृमी जिवंत कसे पाहावेत

पर्णकृमीचं, म्हणजे पानासारख्या चपट्या परजीवी कृमीचं, जीवनचक्र वहीत गोल काढून बाणांनी जोडता येतं सगळ्यांनाच. मिरॅसिडियम (अंड्यातून निघणारी अळी), स्पोरोसिस्ट आणि रेडिया (गोगलगायीत वाढणाऱ्या अवस्था), सर्केरिया (गोगलगायीतून पाण्यात निघणारी शेपटीवाली अळी), मेटासर्केरिया (कोषातली अवस्था). पण जिवंत सर्केरिया पोहताना पाहिलेले पदवीधर मला क्वचितच भेटतात. कोकणात त्यासाठी लांब जावं लागत नाही. गणपती उरकून पाणी निवळलं की शिमग्यापर्यंत कुठलंही तळं, भाताच्या मळ्यातला पाट किंवा म्हशी डुंबतात तो डबरा चालतो. त्यानंतर वहाळ आटतात.

गोगलगायी दोन प्रकारच्या घ्या: चकलीसारखी एकाच पातळीत वळलेली इंडोप्लॅनॉर्बिस आणि पातळ कवचाची, टोकदार लिम्निया. मोठ्या शंखांच्या नादी लागू नका.

गमबूट आणि रबरी हातमोजे घालाच. गुराढोरांच्या रक्तात राहणाऱ्या शिस्टोसोमा या पर्णकृमीचे सर्केरिया इंडोप्लॅनॉर्बिसमधून निघतात आणि माणसाच्या कातडीतही घुसतात. तिथे ते मरतात, पण खाज आणि पुरळ सोसावं लागतं. शिवाय रत्नागिरी जिल्ह्यातल्या गिमवीला माणसांमध्येच शिस्टोसोमाची लागण असल्याची नोंद 1952 साली झाली होती. तिथे संशयाचं बोट फेरिसिया या नखापेक्षा लहान गोगलगायीकडे गेलं. तेव्हा "आमच्याकडे असलं काही नसतं" हे ऐकून पाण्यात उतरू नका.

आता खरं काम. माझाही घाम इथेच निघाला होता. बहुतेक ठिकाणी सल्ला मिळतो की गोगलगाय चिरडा आणि काचपट्टीवर पाहा. साफ चुकीचं. चिरडल्यावर रेडिया, शेपूट न फुटलेले कच्चे सर्केरिया आणि गोगलगायीचं स्वतःचं यकृत यांचा नुसता लगदा होतो, आणि ती मेल्यामुळे उद्या पुन्हा बघायची सोयही उरत नाही. सर्केरिया तिच्यातून आपणहून बाहेर यायला हवेत.

इंजेक्शनच्या रिकाम्या बाटल्या धुऊन घ्या. एका बाटलीत एकच गोगलगाय. दहा एकत्र ठेवल्या तर कोणातून काय निघालं ते कळणार नाही. पाणी विहिरीचं, गोडं. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने सर्केरिया मरतात, आणि तळ्याचं पाणी वापरलंत तर त्यातल्या शेकडो जीवांत तुमचा पाहुणा हरवेल. संध्याकाळी कवच मऊ ब्रशने घासा, रात्रभर अंधारात ठेवा, सकाळी ताज्या पाण्यात घालून खिडकीशी उजेडात मांडा. थेट ऊन नको, बाटलीभर पाणी पटकन तापतं. रात्रीचं पाणी मात्र फेकू नका. काही जातींचे सर्केरिया अंधारातच निघतात.

दुपारपर्यंत अधूनमधून बाटलीमागे काळा कागद धरून बाजूने उजेड पाडा. पांढरे बारीक कण झटके देत वर चढतात, थांबतात, खाली सरकतात. हा झटका ओळखायला शिका. सावकाश तरंगत जाणारे ते रोटिफर, पाण्यातले साधे सूक्ष्म जीव. गोगलगायीच्या अंगावरून वळवळणारा, केसाळ, पारदर्शक जीव म्हणजे कीटोगॅस्टर. त्याला सर्केरिया समजून आनंदाने ओरडणारे विद्यार्थी दरवर्षी भेटतात. गंमत म्हणजे तो स्वतःच सर्केरिया खातो!

पहिल्या दिवशी काही निघालं नाही तर गोगलगाय निरोगी ठरवू नका. आतली लागण अजून कच्ची असेल. जगवा आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बघा.

काचपट्टीवर आधी शेपूट पाहा: दुभंगलेलं की सरळ. आयोडीन शेवटी घाला, त्याने हालचाल संपते. आणि नुसत्या सर्केरियावरून जातीचं नाव सांगून मोकळं होऊ नका.

माशाचं त्या मानाने सोपं. त्याच तळ्यातला मरळ किंवा छोटे मासे घ्या. कल्ल्यांच्या झाकणाखाली, पंखांच्या बुडाशी, मांसात पिवळट दाणे दिसले तर बहुधा ते क्लिनोस्टोमम या पर्णकृमीचे मेटासर्केरिया. मीठ घातलेल्या कोमट पाण्यात सुईने दाणा फोडला की आतला कृमी हलताना दिसतो. तो प्रौढ होतो बगळ्याच्या घशात. पहिल्या पावसातले चढणीचे मासे या कामाला घेऊ नका. ते दुसरीकडून आलेले, त्यांच्यातले दाणे या तळ्याबद्दल काहीच सांगत नाहीत.

गोगलगायीत आणि माशात दोन्हीकडे कृमी सापडले म्हणून लगेच बाण जोडू नका. प्रत्येक पर्णकृमीला मासा लागतोच असं नाही. गुरांचा यकृतकृमी फॅसिओला लिम्नियातून निघून गवताला किंवा भाताच्या काडाला चिकटून कोष करतो, आणि शिस्टोसोमा कोष न करता थेट कातडीतून शिरतो.

काम संपलं की पाणी, गोगलगायी, काचपट्ट्या सगळ्यांवर उकळतं पाणी ओता. उरलेल्या गोगलगायी दया येऊन दुसऱ्या तळ्यात सोडू नका.