पावसात मांजरीची पिल्लं हलवायची असतील तर

गोव्यात जूनचा पाऊस लागला की पडवीत, लाकडांच्या राशीमागे व्यालेल्या मांजरीच्या पिल्लांखाली पाणी शिरतं. माणसाचा हात लागला तर आई टाकून देईल, या भीतीने लोक त्यांना तिथेच भिजू देतात. नुसत्या स्पर्शाने मांजरी सहसा पिल्लं टाकत नाही. सारखी वर्दळ झाली तर मात्र ती त्यांना दुसरीकडे नेते.

१. पुठ्ठ्याच्या खोक्याची एक बाजू खाली कापा, जुनी सुती साडी अंथरा. वर तिच्याच जागेतलं कोरडं फडकं न धुता ठेवा. ओळखीचा वास फार उपयोगी पडतो.

२. हात धुऊन पुसा. मांजरी खायला गेली की पोटाखाली तळवा देऊन एकेक पिल्लू उचला. एकही मागे राहू देऊ नका.

३. खोका जुन्या जागेजवळच, कोरड्या अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा आणि लांब व्हा. मुलांनाही आवरा, हे सगळ्यात महत्त्वाचं.

पिल्लू गार पडलं असेल तर आधी फडक्यात गुंडाळलेल्या कोमट पाण्याच्या बाटलीजवळ हळूहळू ऊब द्या. गार पिल्लाला काहीही पाजू नका, आणि गाईचं दूध तर कधीच नको.