नाल्याचं पाणी रब्बीला घेताय? आधी जलपर्णीचा खड्डा करा

पावसाळ्यात नाला भरून वाहतो तोवर पाण्यात काय असेल ते पातळ होऊन जातं. आता दसरा सरला, धार बारीक झाली. यापुढं नाल्याला येणार ते बहुतेक सांडपाणीच. वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा किंवा जालन्याच्या औद्योगिक वसाहतींच्या खालच्या अंगाला ज्यांची शेतं आहेत, त्यांनी नाल्यात मोटर टाकायची घाई करू नये.

आधी पाणी तपासा. नितळ पाण्यातही धातू असू शकतात. प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्यानं तीनदा विसळून नमुना भरा. नेहमीच्या तपासणीत सामू (पीएच) आणि क्षार कळतात. कॅडमियम, क्रोमियम, निकेल, शिसं यांची तपासणी वेगळी मागावी लागते. जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या शिफारशीनुसार सिंचनाच्या लिटरभर पाण्यात कॅडमियम ०.०१, क्रोमियम ०.१ आणि निकेल ०.२ मिलिग्रॅमच्या वर नसावं. जलपर्णीसारख्या वनस्पती पाण्यातले धातू मुळांत धरून ठेवतात, पण आकडे याच्या कितीतरी पट निघाले तर त्यांच्या भरवशावर राहू नका, ते पाणी सोडूनच द्या.

थोडंच जास्त असेल तर दोन खड्डे एकापुढं एक घ्या. पहिल्यात गाळ बसू द्या, दुसऱ्यात जलपर्णी सोडा. रोज ५ हजार लिटर पाणी लागत असेल आणि ते ७ दिवस अडवायचं असेल, तर दुसरा खड्डा १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, ७० सेंटिमीटर खोल हवा. तळाला शेततळ्याचा प्लास्टिकचा कागद अंथरा, नाहीतर धातू झिरपून शेजारच्या विहिरीत जायचे. बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या तोंडाशी बारीक जाळी लावा. जलपर्णी एकदा नाल्यात सुटली की गावाचा बंधारा गिळते, हे काय सांगायला नको. ती भीती वाटत असेल तर पाणकणीस, कर्दळ किंवा वाळा लावा. वाढ सावकाश, पण पळून जात नाहीत.

एक जलपर्णी उपटून बघा. खाली काळी-जांभळी, पिसासारखी मुळं लोंबतात आणि त्यांना बोटाला चिकटेल असा बुळबुळीत गाळ असतो. धातू जास्त करून तिथंच अडकतात. म्हणून वरची पानं कापून भागत नाही, झाड मुळासकट काढावं लागतं. दर पंधरवड्याला एक तृतीयांश काढा, हातमोजे घालूनच. तसंच ठेवलं तर झाड कुजतं आणि धरलेलं सगळं पुन्हा पाण्यात सोडतं.

लोक चुकतात ते इथून पुढं. हिरवागार ढीग दिसला की म्हशीपुढं टाकायचा मोह होतो, कुणी गांडूळखताच्या वाफ्यात भरतो. दोन्ही नको. धातू नष्ट झालेले नाहीत, फक्त पाण्यातून झाडात आलेत. जाळूही नका, राखेत ते आणखी दाट होतात. तशाच प्लास्टिकच्या कागदावर वाळवा, गुरं पोचणार नाहीत असं ठेवा आणि विल्हेवाटीचं प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या कार्यालयात लेखी विचारा. पहिल्या खड्ड्यातल्या गाळालाही हाच नियम.

खड्ड्यातून निघालेलं पाणी पुन्हा तपासल्याशिवाय वापरू नका. त्यावरही पालक, मेथी, कोथिंबीर, अळू घेऊ नका; पालेभाज्या कॅडमियम पानात ओढतात. कापूस म्हणाल तर सरकीची पेंड शेवटी गव्हाणीतच जाते. त्यापेक्षा झेंडू, शेवंती बरी.

डिसेंबरात थंडी पडली की जलपर्णीची वाढ मंदावते. तेव्हा पाणी ७ ऐवजी १२-१५ दिवस अडवा, म्हणजे रोजची उचलही निम्म्यावर आणा. सोडल्यावर आठवड्यातच पानं पिवळी पडून झाडं मेली, तर पाणी समजलो होतो त्यापेक्षा जहाल आहे. मोटर काढून घ्या.