ओलं भंगार ‘प्रभारित’ करू नये

कुपवाड एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीसाठी मी सुरक्षेच्या सूचना इंग्रजीतून मराठीत करून दिल्या होत्या. भट्टीजवळच्या भिंतीवर लावायच्या, एकूण बावीस. पैसे मिळाले, मी पुढच्या कामाला लागले. आठवड्याने फोन आला, जरा येऊन जाता का. गेले, तर भट्टीवरचे मिस्त्री छापून आलेल्या फलकासमोर उभे. सातव्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “मॅडम, भंगार काय मोबाईल हाय व्हय, चार्जिंगला लावायला?”

ओळ होती, ‘ओले भंगार प्रभारित करू नये.’

इंग्रजीत ‘चार्ज’ होतं. माझी बारावी सायन्सची, त्यामुळे चार्ज म्हणजे प्रभार हे डोक्यात घट्ट बसलेलं. हात आपोआप तिकडे गेला. मिस्त्रींनी मला लांब उभं करून भट्टी दाखवली. बाजूला पिग आयर्न, भंगार, आधीच्या कास्टिंगचे तोडलेले तुकडे असा माल तोलून ठेवलेला. भट्टीत घालायचा हा माल म्हणजे चार्ज, आणि तो घालणं म्हणजेही चार्ज. वितळलेलं लोखंड सुमारे १४०० अंशांवर असतं. त्यात ओला तुकडा बुडाला की पाण्याची क्षणात वाफ होते, आणि वाफेला पाण्याच्या सुमारे १,७०० पट जागा लागते. ती मिळाली नाही की लोखंडच वर उसळतं. माझ्या ‘प्रभारित’मुळे कुणी भाजलं नाही, पण त्याचं श्रेय मिस्त्रींना. कामगारांना ते रोज तोंडी सांगत होतेच.

मी तिथेच दुरुस्ती लिहिली, ‘ओलं भंगार भट्टीत टाकू नये.’ मिस्त्रींना तेवढं पुरेना. “पावसाळ्यात यार्डातला सगळाच माल भिजतोय. ओलं कशाला म्हणायचं ह्ये पोरांना कळंना झालंय. वाळल्याबिगर टाकू नका असं लिवा की.” तसं लिहिलं. मूळ इंग्रजीपेक्षा ते चांगलं झालं, असं माझं मत आहे.

सांगलीत बसून अनुवादाची कामं करायला लागून मला नऊ वर्षं झाली. या धंद्यात नवीन येणारी मुलं-मुली विचारतात, अवघड शब्दांचं काय करता? अवघड शब्दांची भीती नसते हो. ‘हायपोथिकेशन’ आलं की माणूस निमूट कोश उघडतो. घात करतो तो रोजच्या वापरातला शब्द, कारण तो आपल्याला येतो असं आपण धरून चालतो.

त्या दिवशी घरी येऊन मी ‘चार्ज’चं मूळ शोधलं. लॅटिनमध्ये ‘कार्रुस’ म्हणजे गाडी. त्यावरून ‘कार्रिकारे’, गाडीत माल भरणं. तिथून फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला. ‘कार्गो’सुद्धा त्याच घराण्यातला. तोफेत दारू ठासली की तोही चार्ज. अठराव्या शतकात विजेचे प्रयोग करणारे लोक काचेच्या बरणीत वीज ‘भरू’ लागले आणि तोच शब्द विजेला चिकटला. बेंजामिन फ्रँकलिनने तर अशा एकत्र जोडलेल्या बरण्यांना ‘बॅटरी’ म्हटलं, तोफांच्या रांगेला म्हणतात तसं. म्हणजे मिस्त्रींचं भंगार मूळ अर्थाच्या जवळचं, मोबाईल त्यानंतरचा.

हे वाचताना मला आमचे आबा आठवले. आमचं गाव तासगाव तालुक्यात, द्राक्षबाग आहे. मी नवखी असताना एका पतसंस्थेच्या कर्जकराराचं काम घरी नेलं होतं. त्यातल्या ‘फर्स्ट चार्ज’साठी ‘मालमत्तेवरील पहिले शुल्क’ असं मी मोठ्या विश्वासाने टाइप केलेलं. आबांनी चष्मा लावून वाचलं आणि म्हणाले, “अगं पोरी, शेतावर कसलं शुल्क? ह्याला बोजा म्हणत्यात.” आतून सातबारा आणला आणि ‘इतर हक्क’ या रकान्यावर बोट ठेवलं. सोसायटीचा बोजा, रक्कम, फेरफार क्रमांक. माझ्या शाळा-कॉलेजच्या सगळ्या वर्षांत तो कागद घरातल्या ट्रंकेत होता! गाडीवर लादलेला माल आणि जमिनीवर चढलेला बोजा. लॅटिनवाल्यांना जे सुचलं तेच आपल्या महसुली मराठीलाही सुचलेलं.

इथे एक फरक मात्र ध्यानात ठेवा. बोजा म्हणजे गहाण नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात गहाण कलम ५८ मध्ये आहे आणि चार्ज कलम १०० मध्ये. गहाणात मालमत्तेतला हितसंबंध कर्ज देणाऱ्याकडे हस्तांतरित होतो. बोज्यात तसं काही हस्तांतरित होत नाही, मालमत्ता रकमेच्या फेडीसाठी तारण राहते एवढंच. दोन्हीकडे ‘गहाण’ लिहून मोकळं होणारे अनुवाद माझ्याकडे तपासायला येतात, आणि वकील मंडळी त्यावर जे बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मग ‘शुल्क’ कुठे चालतं? महावितरणचं बिल काढा. ‘स्थिर आकार’, ‘वीज आकार’, ‘वहन आकार’ अशा ओळी दिसतील. हे इंग्रजीतले चार्ज. त्यांच्याबरोबर ‘वीज शुल्क’ अशी वेगळी ओळ असते, ती ‘ड्यूटी’, म्हणजे सरकारला जाणारी रक्कम. चार्जला डोळे झाकून शुल्क म्हटलंत तर एकाच बिलात दोन निराळ्या गोष्टींना एक नाव पडतं. सगळा कागद विजेचाच, पण ‘प्रभार’ कुठेही बसत नाही. मार्केट यार्डात तर आकारही नाही नि शुल्कही नाही. हळदीच्या पट्टीवर, म्हणजे विक्रीच्या हिशेबाच्या कागदावर, हमाली, तोलाई वगैरे सरळ ‘खर्च’ म्हणून वजा होतं.

कोर्टाच्या कागदात जास्त जपावं लागतं. पोलीस दाखल करतात ते चार्जशीट, म्हणजे दोषारोपपत्र. पण खटल्यात ‘चार्ज फ्रेम’ करतं ते न्यायालय, म्हणजे आरोप निश्चित होतात. या दोन पायऱ्यांमध्ये बराच काळ जाऊ शकतो, आणि दुसरी पायरी न येताच माणूस सुटूही शकतो. अनुवादात त्या एक झाल्या तर एखाद्यावर न्यायालयाने न ठेवलेला आरोप आपण ठेवून बसतो. शिवाय १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. दोषारोपपत्राचं जुनं कलम १७३ आता १९३ झालंय. जुन्या फाईलमधलं वाक्य उचलून नव्या प्रकरणात चिकटवायची सवय असेल तर सोडा. (लाठीचार्जला ‘लाठीमार’ हा झकास शब्द आहे, तिथे डोकं खाजवायचं कारण नाही.)

सरकारी बदल्यांमधला चार्ज सोपा. कार्यभार, अतिरिक्त कार्यभार, आणि माणूस असेल तर प्रभारी. भौतिकशास्त्रात प्रभार, हा प्रभारी त्याच्या शेजारचाच. भार या एका शब्दावर मराठीने किती संसार उभे केलेत बघा.

आता मी काम कसं करते ते सांगते. शब्द आला की आधी कोश उघडत नाही. त्या व्यवहारातला मुळातच मराठीत असलेला कागद शोधते: सातबारा, वीजबिल, पट्टी, बँकेचा मराठी फॉर्म. तो नसला तर परिभाषा कोश. राज्याच्या भाषा संचालनालयाची स्थापना १९६० ची, आणि त्यांचे कोश विषयवार वेगळे आहेत. भौतिकशास्त्राचा निराळा, धातुशास्त्राचा निराळा, न्यायव्यवहाराचा निराळा. एकाच इंग्रजी शब्दाला तिथे निरनिराळे पर्याय दिसले तर गोंधळू नका, तेच बघायला आपण गेलेलो असतो. शास्त्राच्या पुस्तकाला हे कोश उत्तम. भट्टीच्या भिंतीसाठी मात्र मी माणसालाच विचारते. मशीनचा कच्चा मसुदा मीही घेते, पण त्यात ‘शुल्क’ दिसलं की लाल खूण करून मूळ कागद बघायचाच, हा नियम केलाय.

माझ्या वहीत ‘चार्ज’ची दोन पानं भरली आहेत. नुसता प्रतिशब्द लिहीत नाही. कोण, काय, कशावर चढवतंय, ते पुढे लिहिते. बँक, कर्ज, जमिनीवर. पोलीस, आरोप, माणसावर. मिस्त्री, लोखंड, भट्टीत.

परवा मिरजेतल्या एका एसी दुरुस्तीवाल्यांचं माहितीपत्रक आलंय. चार पानांत ‘चार्ज’ अकरा वेळा आहे. काही ठिकाणी गॅस भरणं, काही ठिकाणी कपॅसिटर, काही ठिकाणी घरी येऊन बघायचे पैसे, आणि एका वाक्यात यातलं नक्की कुठलं तेच कळत नाहीये. उद्या दुकान उघडायच्या वेळी त्यांच्याकडे जाऊन बसणार आहे.