व्हीलचेअर बास्केटबॉलमध्ये वरच्या पातळीवर जायचे असेल तर

हा खेळ गंभीरपणे घ्यायचा ठरवला की बहुतेक जण पहिल्या दिवसापासून बास्केट टाकण्याच्या मागे लागतात. माझ्या मते सुरुवात चेंडूपासून नव्हे, तर आपल्या 'पॉइंट'पासून करावी. प्रत्येक खेळाडूला त्याच्या शारीरिक क्षमतेनुसार १.० ते ४.५ यांदरम्यानचा एक अंक मिळतो आणि मैदानावरच्या पाच जणांची बेरीज १४च्या वर जाऊ शकत नाही. धडावर जवळजवळ ताबा नसलेला खेळाडू १.० मध्ये येतो, तर धड सर्व बाजूंना झुकवता येणारा, उदाहरणार्थ गुडघ्याखाली पाय गमावलेला, ४.५ मध्ये. आता हिशेब मांडून पाहा : ४.५, ४.५, ३.०, १.० आणि १.० मिळून बरोबर १४ होतात. म्हणजे ४.५ चे दोन बलाढ्य खेळाडू एकाच वेळी उतरवायचे असतील, तर उरलेल्या तिघांसाठी पाचच अंक उरतात आणि प्रशिक्षकाला कमी पॉइंटचे चांगले खेळाडू लागतातच. त्यामुळे कमी पॉइंट मिळाला म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. आपल्या पॉइंटात आपल्याइतका उपयोगी दुसरा कोणी नाही, अशी वेळ आणणे हेच खरे उद्दिष्ट ठेवावे.

आपण पात्र आहोत की नाही, हे वैद्यकीय कागदपत्रांसह लवकर तपासून घ्यावे. कॅनडाचा डेव्हिड एंग २००४ आणि २०१२ च्या सुवर्णविजेत्या संघांत होता, २०१६ च्या रिओ पॅरालिम्पिकच्या उद्घाटनात देशाचा ध्वजवाहकही होता. तरीही पॅरालिम्पिक समितीच्या निकषांनुसार झालेल्या फेरतपासणीत २०२० मध्ये तो अपात्र ठरला. इतक्या वरच्या खेळाडूवर ही वेळ येते, तर नवख्याने गाफील राहू नये.

त्यानंतर खुर्ची. रोजच्या वापरातल्या खुर्चीवर गोडी लागू शकते, कारकीर्द होत नाही. खेळाच्या खुर्चीची मोठी चाके वरून आत आणि खालून बाहेर अशी तिरपी असतात, त्यामुळे ती जागच्या जागी झपकन वळते आणि दोन खुर्च्या भिडल्या तरी बोटे चेमटण्याचा धोका कमी होतो. मागचे छोटे चाक उलथण्यापासून वाचवते. आसनाच्या उंचीला मर्यादा आहे : ३.० पर्यंतच्या खेळाडूंसाठी ६३ सेंमी आणि ३.५ पासून पुढे ५८ सेंमी. धडावर ताबा कमी असेल तर आसन मागे उतरते ठेवून गुडघे कमरेपेक्षा वर घ्यावेत, म्हणजे शरीर खुर्चीत रुतून स्थिर राहते. माप देताना कमरेशी सैलपणा ठेवू नये. बूट जसा पायाला बसतो तशी ती अंगाला बसली पाहिजे, म्हणजे कंबर वळवली की खुर्चीही वळते. पट्टे घट्ट बांधावेत. आसनावरून उचलले जाऊन लाभ घेतला, तर तो तांत्रिक फाउल धरला जातो.

रिंगची उंची येथेही ३.०५ मीटरच असते, आणि ती बसून गाठायची असते. तरीही पहिले काही महिने चेंडूशिवाय खुर्ची चालवण्यावर खर्च करावेत : वेग घेणे, एकदम थांबणे, उलटे जाणे. चेंडू मांडीवर ठेवून चाकांना जास्तीत जास्त दोनदा ढकलता येते, तिसऱ्यांदा ढकलण्याआधी टप्पा किंवा पास द्यावा लागतो. टप्पा थांबवून चेंडू धरल्यावर पुन्हा टप्पा देण्यास मनाई करणारा दुहेरी ड्रिबलचा नियम मात्र येथे नाही. जमिनीवरचा चेंडू वाकून दोन हातांनी उचलू नये. चालत्या खुर्चीच्या शेजारी चेंडू आला की तळहाताने तो चाकाला दाबून धरावा. चाक फिरते तसा चेंडू आपोआप वर चढतो आणि मांडीत येतो. हे जमले की धड न झुकणारा खेळाडूही चेंडू उचलू शकतो.

कमी पॉइंटच्या खेळाडूने 'पिक' जीव ओतून शिकावा. प्रतिस्पर्ध्याच्या मार्गात नियमात बसेल अशी आपली खुर्ची आधीच नेऊन उभी केली की त्याला आडवे सरकता येत नाही, मागे येऊन वळसाच घालावा लागतो. तेवढ्या क्षणात आपला उंच सहकारी रिंगखाली मोकळा होतो. गुणफलकावर याची नोंद होत नाही, पण संघनिवड करणाऱ्याच्या वहीत ती होते.

शरीराची निगा हा सरावाचाच भाग समजावा. जे खांदे बास्केट टाकतात, तेच खुर्ची ढकलतात आणि तेच पलंगावरून गाडीत नेतात. म्हणून खांद्याच्या मागच्या बाजूच्या स्नायूंचे रबर पट्ट्याचे व्यायाम रोज करावेत. संवेदना नसलेल्या भागाची त्वचा सकाळ-संध्याकाळ आरशात पाहावी, कारण लाल डागाकडे दुर्लक्ष केले तर त्याचा बेडसोअर होतो आणि अख्खा हंगाम हातचा जातो. मणक्याची इजा वरच्या भागात असेल तर शरीराला पुरेसा घाम येत नाही. अशा खेळाडूने आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाण्याचा फवारा आणि ओला टॉवेल बाजूला ठेवूनच खेळावे.

पुढची वाट भारतात राज्य संघ, राष्ट्रीय स्पर्धा आणि मग राष्ट्रीय शिबिर अशी जाते. पोटापाण्याचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, म्हणून शिक्षण किंवा नोकरी सोडण्याची घाई करू नये. मानधन देणारे क्लब प्रामुख्याने जर्मनी, स्पेन, इटली आणि तुर्कस्तान येथे आहेत, तर अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठासारख्या ठिकाणी शिक्षण आणि खेळ बरोबरीने चालतात. कॅनडाचा पॅट्रिक अँडरसन याच विद्यापीठात शिकला आणि पुढे जर्मनीत क्लबसाठी खेळला. नवव्या वर्षी मद्यधुंद चालकाच्या गाडीखाली त्याने दोन्ही पाय गुडघ्याखाली गमावले. २०००, २००४ आणि २०१२ मध्ये पॅरालिम्पिक सुवर्णपदके जिंकली. २०१२ च्या लंडनमधील अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाविरुद्ध कॅनडाच्या ६४ गुणांपैकी ३४ त्याचे एकट्याचे होते. मधल्या काळात तो खेळ बाजूला ठेवून संगीताकडेही वळला होता, आणि तरीही वयाच्या ४५ व्या वर्षी, २०२४ मध्ये पॅरिसला पुन्हा मैदानात होता. खांदे सांभाळले तर कारकीर्द एवढी लांबू शकते, हे लक्षात ठेवून पहिल्याच वर्षी दिवसाला दोनदा सराव करण्याचा हट्ट धरू नये.