झाडकामाचा धंदा आणि विमा: पॉलिसीवरची ती एक ओळ

झाडांच्या छाटणीचा धंदा ठाण्यात किंवा नवी मुंबईत सुरू करायला भांडवल फारसं लागत नाही, आणि खरा घोळ तिथेच होतो. एक चेनसॉ, दोन चांगले दोर, हार्नेस, हेल्मेट, शिडी, भाड्याचा टेम्पो आणि चढणारी दोन माणसं. एप्रिल उजाडला की पावसाळ्याआधी छाटणी करून घ्या म्हणून नोटिसा सोसायट्यांच्या फलकावर लागतात आणि सेक्रेटरी लोकांचे फोन सुरू होतात. परवानगीच्या भानगडीत मी इथे शिरत नाही. 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा, वृक्ष प्राधिकरण, 2021 च्या दुरुस्तीपासून 50 वर्षं आणि त्यापुढच्या झाडांना मिळालेला वारसा वृक्षाचा दर्जा, हे या कामात पडणाऱ्याला माहीत असतंच. नसेल तर आधी ते शिका, धंदा नंतर. एवढंच लक्षात ठेवा की काही झालं तर विमा कंपनीचा सर्व्हेअरही परवानगीचा कागद मागतो.

विम्याकडे मात्र बहुतेकांचं लक्ष जातं ते पहिल्या मोठ्या कामाला. घोडबंदर रोडच्या एखाद्या संकुलाचा इस्टेट मॅनेजर कोटेशन बघतो, मान हलवतो आणि विचारतो, "डब्ल्यूसी आहे ना? कॉपी पाठवा." मग धावपळ करून दोन दिवसांत कुठून तरी पॉलिसी काढली जाते, पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, वर्क ऑर्डर येते. ती पीडीएफ कुणीच वाचत नाही. मॅनेजरला फाइलला लावायला कागद हवा असतो, आपल्याला काम हवं असतं.

डब्ल्यूसी म्हणजे 1923 च्या कायद्याखालची कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी. कायद्याचं नाव पुढे कर्मचारी नुकसानभरपाई असं झालं, आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून ही तरतूद 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत गेली आहे, पण बाजारात अजून सगळे डब्ल्यूसीच म्हणतात. कामावर असताना माणूस जखमी झाला किंवा गेला तर भरपाई मालकाने द्यायची. चूक कुणाची होती हे मृत्यू किंवा कायमच्या पूर्ण अपंगत्वात जवळजवळ बघितलंच जात नाही. जुन्या कायद्याच्या हिशेबाने मृत्यूची भरपाई म्हणजे महिन्याच्या पगाराची निम्मी रक्कम गुणिले वयाप्रमाणे ठरलेला आकडा. पगार त्याहून जास्त असला तरी 2020 पासून हिशेबाला 15,000च धरतात. तीस वर्षांच्या माणसासाठी तो आकडा 207.98 आहे. म्हणजे 7,500 गुणिले 207.98, झाले 15,59,850 रुपये. महिन्याभरात दिले नाहीत तर 12 टक्के व्याज, आणि सबळ कारण नसेल तर निम्म्यापर्यंत दंड वर. चेनसॉ घेताना लोक चार दुकानं फिरतात, हा हिशेब मात्र कुणी करून बघत नाही.

दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर ईएसआयसीचं, म्हणजे सरकारच्या कामगार विमा योजनेचं, बघावं लागतं, ती वेगळी वाट. आपण दोन-चार माणसांवर सुरुवात करणाऱ्यांबद्दल बोलतोय.

आता इथे एक फाटा फुटतो. एजंट म्हणतो, "डब्ल्यूसी महाग पडेल, त्यापेक्षा ग्रुप अ‍ॅक्सिडेंट घ्या, रक्कम पण मोठी दिसते." अपघात विमा वाईट नसतो. वर्षाला 20 रुपयांची पंतप्रधान सुरक्षा विमा योजना तर प्रत्येक माणसाच्या बँक खात्यावर चालू करून द्याच, अपघाती मृत्यूला दोन लाख मिळतात. नारळावर चढणाऱ्यांसाठी नारळ विकास मंडळाची केरा सुरक्षा आहे, तीही चांगली. पण या पॉलिसी माणसाला ठरावीक रक्कम देतात. मालक म्हणून कायद्याने तुमच्यावर येणारं देणं त्यांतून फिटत नाही. दोन्ही ठेवा, पण एकीच्या जागी दुसरी चालवू नका.

माझ्याकडे डब्ल्यूसी होती. प्रीमियम वेळेवर भरलेला, पॉलिसी चालू. वर्तकनगरच्या बाजूला एका सोसायटीत गुलमोहराची वाळलेली फांदी उतरवत होतो. खालून काप नीट घेतला होता, दोरही बांधला होता, पण फांदी तुटताना उलटी फिरली आणि वर चढलेल्या पोराच्या नडगीवर आदळली. हार्नेसने तो लटकून राहिला म्हणून वाचला. हाड मोडलं, रॉड घालावा लागला. मी दुसऱ्या दिवशी निर्धास्तपणे दावा टाकला. काही आठवड्यांनी जे पत्र आलं त्यात मुद्द्याच्या दोनच ओळी होत्या. पॉलिसीत नोंदवलेला व्यवसाय: माळी, बागेची देखभाल. अपघाताच्या वेळचं काम: उंचीवर यांत्रिक करवतीने फांद्या तोडणे. सबब दावा पॉलिसीच्या कक्षेबाहेर.

हे झालं कसं, ते सावकाश सांगतो, कारण जवळजवळ प्रत्येक नव्या माणसाचं असंच होतं. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान धंद्यांची सरकारी नोंदणी, करताना यादीतून व्यवसायाचा संकेतांक निवडावा लागतो. झाडाच्या छाटणीला आपल्या मनासारखं नाव तिथे सापडत नाही, म्हणून सगळे 8130 घेतात, लँडस्केपची निगा आणि देखभाल. उद्यमपुरतं ते ठीक आहे. गुमास्त्याच्या, म्हणजे दुकाने-आस्थापना कायद्याखालच्या, सूचनापत्रातही मग तेच शब्द जातात. एजंट कागद मागतो तेव्हा आपण हेच दोन कागद देतो. तो त्यावरून प्रपोजल फॉर्म भरतो: गार्डनिंग अँड लँडस्केपिंग, कामगार चार, माळी. त्याची त्यात काही लबाडी असते असंही नाही. पण डब्ल्यूसीचा दर कामाच्या धोक्यावर ठरतो, आणि गवत कापणाऱ्या माळ्याचा दर चाळीस फुटांवर चेनसॉ धरणाऱ्याच्या दरापेक्षा कमी असणारच. प्रीमियम कमी आला की आपल्यालाही बरं वाटतं. फॉर्मवर सही आपली. कंपनीने धोका स्वीकारला तो माळ्याचा, आणि विम्यात जे खरं सांगितलं नाही त्याचा भार सांगणाऱ्यावर पडतो.

आणि कंपनीने हात वर केले म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. इस्पितळाचा प्रत्यक्ष खर्च कायद्याने मालकाकडे येतो. जखमी माणूस बसून असताना दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के द्यायचे, तेही मालकाने. मी दिले. कसे दिले ते सोडा, बायकोला अजून विषय काढलेला आवडत नाही.

म्हणून पॉलिसी हातात आली की पहिलं पान सोडा, शेड्यूल म्हणजे तपशिलाचा तक्ता उघडा आणि व्यवसायाच्या वर्णनाची ओळ बोट ठेवून वाचा. तिथे गार्डनर, माळी, हॉर्टिकल्चर, हाउसकीपिंग असलं काही दिसलं तर काम घेऊ नका, आधी दुरुस्ती करून घ्या. तिथे असे शब्द हवेत: ट्री प्रूनिंग, ट्रिमिंग अँड फेलिंग, इन्क्लुडिंग वर्क अ‍ॅट हाइट युझिंग रोप्स, लॅडर्स अँड पॉवर सॉज. तुम्ही नारळ साफ करत असाल तर तेही लिहा. पडलेली झाडं उचलत असाल, क्रेन किंवा बूम लिफ्ट भाड्याने आणत असाल, तर तेही. फोनवर "हो हो, सगळं कव्हर आहे" हे उत्तर चालत नाही. आपल्या कामाचं वर्णन दहा ओळींत ईमेलने पाठवा, दोन फोटो जोडा, एक माणूस झाडावर असलेला, आणि सरळ विचारा: हे काम धरलं आहे का, उंचीची मर्यादा घातली आहे का? उत्तर कंपनीकडून लेखी घ्या. दुरुस्ती झाली की एंडोर्समेंटचा कागद येतो, तो आल्याशिवाय झाली असं मानू नका.

त्याच शेड्यूलमध्ये पगार बघा. रोज 900 देत असाल आणि तिथे महिन्याचे 9,000 लिहिले असतील, तर दाव्याच्या वेळी कात्री लागायची वाट मोकळी. वैद्यकीय खर्च बहुतेक वेळा वेगळा जोडून घ्यावा लागतो आणि त्याला मर्यादा असते. ती मर्यादा ठाण्यातल्या खासगी इस्पितळाच्या बिलाकडे बघून ठरवा.

नाक्यावरून आणलेल्या माणसांचं काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. सीझनला दोन माणसं कमी पडतात, आपण सकाळी नाक्यावर जातो. त्या दिवशी ती तुमचीच माणसं. पॉलिसीत नावं न घालता संख्येवर माणसं घेता येतात, तर सीझनची संख्या धरून घ्या. दुसऱ्याची गँग बोलावली तर त्याची पॉलिसी मागा आणि आपल्या पॉलिसीत सबकॉन्ट्रॅक्टरची माणसं जोडता येतात का विचारा. त्याच्याकडे काही नसेल तर भरपाईसाठी तुम्हाला धरलं जाऊ शकतं. तुमच्याकडे नसेल तर सोसायटीला. इस्टेट मॅनेजर कॉपी मागतो तो याचसाठी, त्याच्यावर चिडू नका.

थोडं माझ्या चिडीचं. या धंद्यात गुरू फार भेटतात. वीस वर्षं झाडं कापलेले काका सांगतात, "आमचं कधी काही झालं नाही, नारळ फोडायचा आणि चढायचं." चढणं, काप कुठे घ्यायचा, पर्जन्यवृक्षाची पोकळ फांदी आवाजावरून कशी ओळखायची, हे त्यांच्याकडूनच शिका, कुठल्या कोर्समध्ये ते मिळणार नाही. विम्याबद्दल मात्र त्यांचं ऐकू नका. दुसरी चीड मोबाइलवरून पाच मिनिटांत पॉलिसी देणाऱ्यांची. तिथे व्यवसायाची ठरलेली यादी असते, त्यात आपलं काम नसतं, आणि आपण जवळचं काहीतरी निवडून पुढे जातो. बागकामच निवडतो. वर सांगितलेला खड्डा, फक्त यावेळी आपणच खणलेला. एजंट कंपनीचा माणूस असतो, ब्रोकर ग्राहकाच्या बाजूने काम करतो. लहान धंद्याला ब्रोकर फारसे विचारत नाहीत हे खरं, पण विचारून बघा. एकदोघे भेटतात.

त्रयस्थांचं नुकसान हा दुसरा भाग. गाडीच्या काचेवर फांदी, कंपाउंडची भिंत, रस्त्यावरचा माणूस. यासाठी पब्लिक लायबिलिटी लागते, आणि इथे नावाचा गोंधळ आहे. 1991 च्या पब्लिक लायबिलिटी कायद्याखालची पॉलिसी घातक रसायनं हाताळणाऱ्यांसाठी आहे, आपल्या कामाची नाही. आपल्याला साधी, बिगर-औद्योगिक जोखमीची हवी. तिच्यातही व्यवसायाची ओळ तीच तपासायची. एका अपघाताची मर्यादा आणि वर्षाची मर्यादा वेगवेगळ्या असतात, दोन्ही बघा. मध्ये खंड पाडू नका, कारण या पॉलिसी दावा कधी आला त्यावर चालतात, दावा येईल तेव्हा पॉलिसी चालू हवी. सोसायटी स्टॅम्प पेपरवर "कोणतंही नुकसान झाल्यास सर्व जबाबदारी कंत्राटदाराची" असं लिहून घेते, त्यातलं कायद्यापलीकडचं देणं पॉलिसी भरत नाही. ते वाक्य बदलून मागा. मागितलं की बहुतेक सेक्रेटरी "कायद्याप्रमाणे येणारी जबाबदारी" एवढ्यावर तयार होतात. महावितरणच्या तारेजवळचं काम लाइन बंद करून घेतल्याशिवाय करू नका. यात विम्याचा विचारच करायचा नाही.

हे वाचून धंदा नको वाटत असेल तर थांबा. खरं सांगतो, यातलं बहुतेक काम एकदाच करायचं असतं. पहिल्या वर्षी मेल, फोटो, एंडोर्समेंट झालं की पुढे नूतनीकरणाला तोच मजकूर जातो. नीट पॉलिसी असली की कोटेशनही ताठ मानेने देता येतं. नेरुळ, खारघरच्या मोठ्या संकुलांची कामं कागद नसलेल्या गँगला मिळत नाहीत. आणि दावा नाकारला म्हणजे सगळं संपलं असंही नाही. कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. महिन्यात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येतं. एकल मालकी आणि सूक्ष्म उद्योगांच्या पॉलिसींनाही ही सोय आहे, फी लागत नाही, वकील लागत नाही, आणि आता ठाण्यातच लोकपालाचं कार्यालय आहे. मी गेलो नाही, कारण माझ्या शेड्यूलवर "माळी" हा शब्द माझ्याच सहीखाली होता. तुमच्या ओळीत काम नीट लिहिलेलं असेल तर जरूर जा.

हत्यारांचा विमा पहिल्या वर्षी नाही घेतला तरी चालेल, चेनसॉ गेला तर दुसरा आणता येतो. टेम्पो भाड्याचा असेल तर त्याचे कागद स्वतः बघा. स्वतः चढत असाल तर स्वतःचा अपघात विमा वेगळा घ्या, डब्ल्यूसी मालकाला धरत नाही. हे मला दोन वेगवेगळ्या धंदेवाल्यांनी "असं कसं?" म्हणून विचारलंय.

नूतनीकरणाची तारीख शक्यतो फेब्रुवारीत आणून ठेवा. एप्रिल-मेमध्ये तुम्हालाही वेळ नसतो आणि एजंट फोन उचलत नाही. प्रीमियम कंपनीकडे पोचल्याशिवाय कंपनी धोका अंगावर घेत नाही, 1938 च्या विमा कायद्याच्या 64 व्हीबी कलमात तसं स्पष्ट आहे. चेक एजंटच्या खिशात आहे आणि माणूस झाडावर आहे, असं होऊ देऊ नका. पावती आली, शेड्यूलवरची ओळ वाचली, मग दोर टाका.