प्रदेश 'स्वायत्त' आहे म्हणजे नक्की किती? राज्यघटना उघडून स्वतः कसं तपासायचं

एखाद्या प्रदेशाला स्वायत्तता आहे, विशेष दर्जा आहे असं वाचलं की लोक एकतर टाळ्या वाजवतात नाहीतर म्हणतात झालं, आता देश तुटला. दोन्ही घाईचं आहे. बहुतेक देशांच्या घटना नेटवर फुकट मिळतात, वकील असायची गरज नाही, फक्त कुठून वाचायचं ते माहीत पाहिजे. पहिल्या पानापासून वाचू नका, प्रस्तावना तर शेवटीच ठेवा, तिथे सगळेच देश गोड बोलतात.

आधी शोधायचं ते हे की दिलेले अधिकार परत घ्यायचे झाले तर कोणाला विचारावं लागतं. माझ्या मते निम्मं उत्तर इथेच मिळतं. फिनलंडची ऑलंड बेटं बघा, तिथली लोकं स्वीडिश बोलणारी, त्यांच्या स्वायत्ततेचा कायदा बदलायचा तर फिनलंडच्या संसदेत तो घटनादुरुस्तीच्या पद्धतीने पास व्हावा लागतो आणि वर ऑलंडच्या स्वतःच्या संसदेत दोन-तृतीयांश मतं लागतात, म्हणजे एकट्या हेलसिंकीला, म्हणजे फिनलंडच्या केंद्र सरकारला, ठरवून काही करता येत नाही. याउलट स्कॉटलंडची पार्लमेंट ज्या १९९८ च्या कायद्यावर उभी आहे त्यातच लिहिलंय की ब्रिटिश संसदेचा स्कॉटलंडसाठी कायदे करायचा अधिकार तसाच राहील. आपल्याकडचं कलम ३ पण वाचा एकदा, राज्याच्या सीमा बदलायच्या तर विधानसभेचं मत मागवतात पण ते मानायचं बंधन संसदेवर नाही, आणि साधं बहुमत पुरतं. २०१४ ला आंध्रच्या विधानसभेने विभाजनाचं बिल नाकारलं तरी तेलंगणा झालंच की.

त्याच्या जोडीला आणीबाणीसारखं एखादं कलम असतं ते शोधा, म्हणजे केंद्राने प्रदेशाचा कारभार हातात घ्यायचं कलम. स्पेनमध्ये ते कलम १५५. घटना १९७८ ची पण हे कलम पहिल्यांदा वापरलं ते थेट २०१७ च्या ऑक्टोबरात, स्पेनमधल्याच कॅटलोनिया प्रदेशावर. भारतात कलम ३५६, जे इतक्या सढळ हाताने वापरलं गेलं की १९९४ च्या बोम्मई केसमध्ये सुप्रीम कोर्टाला मर्यादा घालाव्या लागल्या. त्यामुळे नुसतं कलम वाचून थांबू नका, ते किती वेळा वापरलं आणि कोर्ट काय म्हणालं तेही बघा.

मग विषयांच्या याद्या. कोणता विषय कोणाकडे हे बघताना यादीत नसलेले विषय कोणाला जातात ती ओळ शोधा, अमेरिकेत दहाव्या दुरुस्तीने ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात, भारतात केंद्राकडे.

पैसा. हा भाग लोक सोडून देतात कारण बोअर आहे, पण एकाच देशातले, स्पेनमधले, बास्क आणि कॅटलान बघा, बास्क प्रांत बहुतेक कर स्वतः गोळा करतात आणि ठरलेला वाटा माद्रिदला, म्हणजे केंद्राला, देतात, कॅटलोनियाला तशी सोय नव्हती, तिथे मुख्य कर माद्रिद गोळा करायचं आणि वाटप नंतर. दोघंही 'स्वायत्त समुदाय'च बरं का. कॅटलोनियाच्या तक्रारीचं एक मोठं मूळ हेच आहे, भाषा झेंडा वगैरे आहेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ते म्हणजे त्या प्रदेशातल्या एकट्या माणसाचं काय. प्रदेशाला अधिकार मिळाले म्हणजे तिथल्या नागरिकाला मिळाले असं आपण धरून चालतो आणि तसं नसतं. स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मत मिळालं १९७१ ला, पण आपेनझेल इनरऱ्होडन या छोट्या कँटनने (म्हणजे तिथल्या एका राज्याने) आपल्या अधिकारात तिथल्या मतदानात त्यांना नाहीच म्हटलं, शेवटी १९९० मध्ये फेडरल कोर्टाने आदेश दिला तेव्हा मिळालं. म्हणजे इथे केंद्राच्या कोर्टाने माणसाला त्याच्याच प्रदेशापासून वाचवलं. म्हणून मूलभूत हक्कांच्या प्रकरणात बघा की ते हक्क प्रादेशिक सरकारवरही बंधनकारक आहेत का, आणि पळवाट आहे का. कॅनडात कलम ३३ आहे, त्याने प्रांताची विधानसभा काही हक्कांना पाच वर्षं बाजूला ठेवून कायदा करू शकते, नंतर परत वाढवू शकते. क्विबेक प्रांताने २०१९ ला सरकारी नोकरांच्या धार्मिक चिन्हांबद्दलच्या कायद्यात तेच वापरलं.

नागरिकत्व एकच आहे की आत पायऱ्या आहेत हेही बघा. ऑलंडमध्ये फिनलंडचा नागरिक असूनही तिथल्या संसदेसाठी मत द्यायला वेगळा स्थानिक हक्क लागतो, बाहेरून आलेल्याला पाच वर्षं राहून आणि स्वीडिश येत असेल तर तो मिळतो. लहान भाषिक गटाला टिकायचं तर हे मला पटतं. प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या अखत्यारीतल्या बेटाचं मात्र पटत नाही, तिथले लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक, पण तिथे राहतात तोवर राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत नाही.

एवढं झालं की कोर्टाचा दरवाजा शोधा, हक्क मोडला तर साधा माणूस थेट कुठे जाऊ शकतो. भारतात कलम ३२ ने सुप्रीम कोर्ट, २२६ ने हायकोर्ट. जर्मनीत घटना न्यायालयात तक्रार करायला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही, पण आधी खालची कोर्टं संपवावी लागतात आणि कोर्टाच्या निकालाविरुद्ध जायचं तर मुदत एकच महिना. अशा मुदती बहुतेक वेळा घटनेत नसतात, वेगळ्या कायद्यात असतात, तो कायदा पण उघडा.

आणि हो, तुमच्या हातातली कॉपी कोणत्या दुरुस्तीपर्यंतची आहे ते वाचायच्या आधीच चेक करा, सरकारी किंवा संसदेच्या साइटवरचीच घ्या.