खान्देशात कॅला लिली लावायची तर दसऱ्यानंतरच

कॅला लिली या फुलझाडाचे माझे पहिले पाच कंद वाया गेले. मृगाचा पाऊस पडला की रोप लावायचं, ही आपली जुनी सवय. मीही जूनमध्ये चोपड्याच्या आमच्या अंगणात, काळ्या मातीत ते पुरले. जुलैत उकरून पाहिलं तर आत नुसता लगदा आणि कुजका वास. सासऱ्यांची केळीची बाग आहे. ते वास घेऊन लगेच म्हणाले, "ही तर आपल्या केळीसारखीच कंदकूज." ते बरोबर होतं. केळीचा कंद सडवणाऱ्या जिवाणूंच्याच गोतातले जिवाणू कॅलालाही सडवतात. उकाडा आणि तुंबलेलं पाणी मिळालं की ते फोफावतात.

कॅला मूळची दक्षिण आफ्रिकेकडची. नावात लिली असली तरी ती अळू-सुरणाच्या कुळातली. साधारण 18 ते 25 अंशांची हवा तिला मानवते. आपल्याकडे त्याच्या जवळपासची हवा फक्त थंडीत मिळते, म्हणून हरभऱ्याबरोबर तिचीही लागवड करायची.

कंद घेताना आधी रंग विचारा. पांढरी कॅला ओल सोसते, मोरीच्या पाण्याजवळही तग धरते. पिवळी, गुलाबी, जांभळी मात्र साचलेल्या पाण्यात टिकत नाही. कंद दाबून पाहा, आल्यासारखा टणक हवा. मऊ लागला तर फुकटही घेऊ नका.

सगळा खेळ मातीचा आहे. आपली काळी माती कापसाला सोन्यासारखी, पण कुंडीत ती पाणी धरून ठेवते आणि सुकली की दगड होते. मी एक घमेलं पोयटा, एक घमेलं नारळाचा भुसा, अर्धं घमेलं जाडी वाळू, अर्धं गांडूळखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड एकत्र करते. कच्चं शेणखत अजिबात घालू नका. दहा इंची कुंडीत एकच कंद, डोळे वरच्या बाजूला, वर दोन इंच माती. कुंडीची भोकं खापरीने झाका, बुजवू नका.

लावल्यावर एकदा पाणी द्या, मग कोंब दिसेपर्यंत हात आवरा. याच दिवसांत जास्त कंद सडतात. पानं उघडली की माती वरून बोटभर सुकल्यावर पाणी द्यायचं. सकाळचं ऊन अकरापर्यंत पुरे, नंतर सावली हवी. युरिया टाकाल तर पानं दांडगी होतील आणि फुलं रुसतील. रंगीत कॅला साधारण दोन-तीन महिन्यांत फुलते, माझी संक्रांतीच्या आसपास. आपण फूल म्हणतो ती रंगीत पाकळी खरं तर पान असतं, खरी बारीक फुलं मधल्या दांड्यावर असतात. फुलदाणीसाठी दांडा कात्रीने न कापता बुडाशी धरून हळूच पिळून ओढायचा, आणि फुलदाणीत पाणी थोडंच ठेवायचं. आठवडाभर तरी टिकतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगते. पान अळूसारखं दिसतं. सासूबाई पहिल्यांदा पाहून म्हणाल्या, "हाई ते आळूच शे!" आणि वडीसाठी तोडायला निघाल्या होत्या. कॅला खायची नाही, चिंच घालून उकडली तरी नाही. तोंड, घसा सुजतो. लहान मुलं आणि शेळ्या यांच्यापासून कुंडी लांब ठेवा. कंद हाताळताना हातमोजे घाला.

मार्चमध्ये पानं पिवळी पडू लागली की पाणी तोडा. पानं पूर्ण वाळली की रंगीत कंद काढा, सावलीत चार दिवस सुकवा आणि कोरड्या वाळूत, एकमेकांना न लागतील असे ठेवा. आमच्या जुन्या धाब्याच्या घरातली आतली खोली मे महिन्यातही गार असते, माझे कंद तिथेच असतात. तुमच्याकडे स्लॅबचं घर असेल तर तळमजल्यावरचा अंधारा कोपरा शोधा, गच्चीखालची खोली नको. पावसाळाभर महिन्यातून एकदा टोपली उघडून कंद चाचपा. एखादा मऊ लागला तर लगेच काढून लांब टाका, नाहीतर तो शेजारच्यांनाही घेऊन जातो.